जुन्या मोटारींचे वातानुकूलन : मूळपणा आणि गळती यांचा इतिहास

प्रस्तावना

ऐतिहासिक वस्तूंच्या जतनाचा विचार करताना वस्तूचे द्रव्य तिच्या ठायी टिकून राहते, हे सहसा गृहीत धरले जाते. शिल्पाचा दगड झिजतो, ताम्रपटावर गंज चढतो, हस्तलिखिताचा कागद ठिसूळ होतो. परंतु जे उरते ते त्याच वस्तूचे उरते. जुन्या मोटारीचा पत्रा, चामडे, लाकूड आणि काच यांनाही हा नियम लागू पडतो. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या अनेक मोटारींत एक यंत्रणा अशी आहे की तिचे खरे द्रव्य डोळ्यांना दिसत नाही, ते वस्तूतून अखंड निसटत असते आणि एकदा निसटले की वातावरणात सुमारे शंभर वर्षे राहते. ही यंत्रणा म्हणजे वातानुकूलन आणि ते द्रव्य म्हणजे 'फ्रिऑन' या व्यापारी नावाने प्रसिद्ध पावलेला आर-१२ हा प्रशीतक वायू. त्याचे उत्पादन विकसित देशांत १९९६ पासून आणि विकसनशील देशांत २०१० पासून, औषधी वापराचे मोजके अपवाद वगळता, बंद झाले.

त्यामुळे १९५० ते १९९० या काळातील एखादी वातानुकूलित मोटार पूर्वस्थितीत आणू पाहणाऱ्यापुढे एक चमत्कारिक पेच उभा राहतो. यंत्रणेचा प्रत्येक भाग मूळचा ठेवता येईल, पण त्यात खेळणारा वायू मूळचा ठेवायचा तर तो साठ्यांतून शोधावा लागतो; वायू बदलायचा तर भागही बदलावे लागतात. या पेचाची चर्चा प्रायः 'मूळ ठेवावे की बदलावे' अशा दोन टोकांवरच अडून राहते. या यंत्रणेचा इतिहास पाहता असे दिसते की मूळपणाचा प्रश्न दुय्यम आहे; खरा प्रश्न गळतीचा आहे आणि तो या यंत्राच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे.

शीतकपाट रस्त्यावर येते

मोटारीतील वातानुकूलन हे मोटार-अभियंत्यांचे स्वतंत्र अपत्य नव्हे. ते घरगुती शीतकपाटाचे रस्त्यावर आलेले भावंड आहे. अमेरिकेतील कंपन्यांचे नातेसंबंध पाहिले तरी हे ध्यानात येते. जनरल मोटर्सकडे 'फ्रिजिडेअर' ही शीतकपाटे बनविणारी शाखा होती. नॅश कंपनी १९३७ मध्ये 'केल्व्हिनेटर'शी एकत्र आली. क्रायस्लरने इमारतींच्या वातानुकूलनासाठी 'एअरटेम्प' ही शाखा उभारली होती. तिघांनीही घरातील व इमारतीतील विद्या मोटारीत आणली.

तरीही पहिला मान पॅकार्ड कंपनीकडे जातो. १९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या मोटार प्रदर्शनात तिने १९४० सालच्या प्रतिमानासाठी वातानुकूलनाची सोय जाहीर केली. जादा किंमत होती २७४ डॉलर. कूलिंग कॉइल आणि पंखा मागील आसनामागे, सामानाच्या कप्प्यात बसवलेला असे. त्यामुळे तो कप्पा जवळजवळ निम्मा व्यापला जाई. कॉम्प्रेसर इंजिनाला पट्ट्याने कायमचा जोडलेला होता. त्याला क्लच नव्हता. इंजिन चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर फिरणारच, आणि गारवा नको असेल तर चालकाने पंख्याचा वेग कमी करावा एवढीच मुभा. हिवाळ्यात यंत्र बंद ठेवायचे म्हणजे मोटार थांबवून, बॉनेट उघडून, पट्टा काढून ठेवायचा! एवढे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला हे रुचणे शक्यच नव्हते. १९४१ नंतर पॅकार्डने ही सोय मागे घेतली आणि पुढे युद्धामुळे नागरी मोटारींचे उत्पादनच थांबले.

१९५३ साली हा विषय पुन्हा उघडला गेला. क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये एअरटेम्प यंत्रणा आली. जनरल मोटर्सने कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल व ब्यूइक या मोटारींत फ्रिजिडेअरची यंत्रणा देऊ केली. कॅडिलॅकसारख्या मोटारीत मागच्या कप्प्यातून निघालेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या मागील काचेच्या कडेने छतापर्यंत चढत आणि गार हवा डोक्यावरून सोडत. आज एखाद्या १९५३ च्या कॅडिलॅकमध्ये या नळ्या शाबूत सापडणे ही संग्राहकाच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट असते, कारण उन्हाने त्या पिवळ्या पडतात व तडकतात. पुढच्याच वर्षी नॅशने मात्र सगळा नकाशा बदलला. तिच्या १९५४ च्या अॅम्बॅसेडरमधील यंत्रणेत तापवणारी आणि गार करणारी कॉइल एकाच जागी, मोटारीच्या पुढच्या भागात, डॅशबोर्डखाली आली. कॉम्प्रेसरला विद्युत्-चुंबकीय क्लच मिळाला. आणि किंमत ३४५ डॉलरवर आली. (ही अॅम्बॅसेडर म्हणजे हिंदुस्थान मोटर्सची नव्हे, हे मराठी वाचकासाठी सांगून ठेवलेले बरे.) आजच्या मोटारीतील मांडणी तत्त्वतः तीच आहे.

यानंतरचा प्रसार वेगाने झाला. १९६४ मध्ये कॅडिलॅकने ठरावीक तापमान आपोआप राखणारी यंत्रणा आणली. १९६८ मध्ये अमेरिकन मोटर्सने अॅम्बॅसेडर या मोटारीत वातानुकूलन जादा पैसे न घेता अंगभूत केले. साठचे दशक संपताना अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक वातानुकूलित होत्या. ज्यांच्या मोटारीत कारखान्यातून ही सोय आली नव्हती त्यांच्यासाठी टेक्सासमध्ये एक वेगळाच उद्योग फोफावला : डॅशबोर्डखाली लटकवायच्या तयार संचांचा. त्यांपैकी 'मार्क फोर' हा संच डॅलसच्या जॉन ई. मिचेल कंपनीचा. ही कंपनी मुळात कापसाच्या जिनिंगची यंत्रसामग्री बनवीत असे. उन्हाळा आणि कापूस यांच्या प्रदेशातच हा धंदा जन्मावा, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. या लटकत्या संचांना पुष्कळ जीर्णोद्धारक हलके लेखतात व काढून टाकतात. वस्तुतः त्या काळातील सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबाने उन्हाळ्यावर कशी मात केली याचा तो अस्सल पुरावा आहे. इतिहासदृष्ट्या तो कारखान्याच्या यंत्रणेइतकाच जपण्याजोगा आहे.

गळती कोठून आली

घरातील शीतकपाट वर्षानुवर्षे गॅस न भरता चालते. मोटारीचे वातानुकूलन मात्र दर काही वर्षांनी गॅस मागते. हा भेद निष्काळजीपणातून आलेला नाही, रचनेतून आला आहे. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिकच्या 'मॉनिटर टॉप' शीतकपाटाने विजेची मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद कवचात घालण्याची पद्धत रूढ केली. कवचातून बाहेर येतात त्या फक्त विजेच्या तारा. फिरणारा दांडा बाहेर येतच नाही. मोटारीत हे शक्य नव्हते. तेथे कॉम्प्रेसरला शक्ती इंजिनाकडून, पट्ट्याच्या द्वारे मिळते. म्हणजे फिरणारा दांडा कवचाबाहेर काढावाच लागतो आणि त्याच्याभोवती सील बसवावे लागते. शिवाय इंजिन रबरी आधारांवर हलते, तर कंडेन्सर चौकटीला घट्ट बांधलेला. दोहोंना जोडणारी नळी लवचीक, म्हणजे रबराची असणे भाग. वायू दांड्याच्या सीलमधून निसटतो आणि रबरातून झिरपतो.

जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर शाखेने १९६२ मध्ये आणलेला ए-६ हा कॉम्प्रेसर या संदर्भात पाहण्याजोगा आहे. एका तिरप्या तबकडीने मागेपुढे सरकणारे तीन दुतोंडी दट्टे, म्हणजे सहा सिलिंडर. वजन सुमारे सोळा किलो. आणि भक्कमपणा असा की त्या काळातील अनेक नमुने आजही फिरतात. परंतु त्याचे दांड्याचे सील तेलाच्या पातळ थरावर अवलंबून असते. मोटार नेमाने चालत असेल तर तो थर टिकतो. ती महिनोन्महिने उभी राहिली की थर आटतो, सील कोरडे पडते आणि वायूला वाट मिळते. म्हणजे जी मोटार सर्वांत कमी चालते तीच सर्वांत अधिक गळते. संग्रहातील मोटारींची नेमकी हीच अवस्था असते.

त्या काळी याची कोणाला फिकीर नव्हती. सुमारे चारशे ग्रॅम आर-१२ चा डबा अमेरिकेत कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात स्वस्तात मिळे आणि मोटारमालक तो घरीच भरून घेई. दुरुस्तीच्या वेळी यंत्रणेतील उरलेला वायू सरळ हवेत सोडला जाई. गळती शोधण्यापेक्षा गॅस भरणे स्वस्त होते. साठ-सत्तरच्या दशकांतील एका मोठ्या अमेरिकी मोटारीत दीड ते दोन किलो वायू मावत असे. आजच्या मध्यम मोटारीत तो अर्धा किलोच्या आसपास असतो. यावरून त्या उधळेपणाची कल्पना यावी.

मिजलीचे दोन शोध

आर-१२ मुळात सुरक्षिततेसाठी शोधला गेला होता, हे विसरून चालणार नाही. त्याआधीच्या शीतकपाटांत सल्फर डायॉक्साइड, मिथिल क्लोराइड किंवा अमोनिया वापरीत. ते विषारी होते, काही ज्वालाग्राहीही. जनरल मोटर्समधील अभियंता-रसायनज्ञ थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरिन व फ्ल्युओरिन असलेली कार्बनी संयुगे या कामासाठी निवडली. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत त्याने हा वायू छातीत भरून घेतला आणि तो उच्छ्वासाने मेणबत्तीवर सोडून ती विझवली : विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एकाच कृतीत सिद्ध झाले. बंद मोटारीत, प्रवाशांपासून हातभर अंतरावर असा वायू खेळवता येईल हा विश्वास त्या प्रात्यक्षिकाशिवाय आला नसता.

याच मिजलीने १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळण्याचा शोध लावला होता. इंजिनातील ठोके त्याने थांबवले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकांना शिशाचा थर संरक्षणही देई. दोन्ही शोधांचा शेवट कसा झाला हे पाहिले तर योगायोग थक्क करणारा आहे. अमेरिकेत रस्त्यावरील मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ जानेवारी १९९६ पासून बंद झाली आणि आर-१२ चे उत्पादनही त्याच दिवसापासून थांबले. साठच्या दशकातील मोटार ज्या दोन रसायनांवर चालत व गार होत होती, ती दोन्ही एकाच माणसाच्या प्रयोगशाळेतून आली आणि एकाच दिवशी कायद्याने गेली.

ओझोनचा थर आणि कायदा

मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये 'नेचर'मध्ये असे मांडले की हे स्थिर वायू स्थितांबरात पोहोचतात, तेथे अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेला क्लोरिन ओझोनचा नाश करतो. अमेरिकेने १९७८ मध्ये बहुतेक फवाऱ्यांतील असे वायू बंद केले. मोटारींना मात्र हात लावला नाही. फवाऱ्याला पर्याय सोपा होता, वातानुकूलनाला नव्हता. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरील ओझोनच्या मोठ्या घटीची नोंद प्रसिद्ध केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. १९९० च्या लंडन व १९९२ च्या कोपनहेगन बैठकांनी त्याच्या मुदती अलीकडे खेचल्या. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीर्णोद्धाराच्या दृष्टीने कायद्याचा तपशील निर्णायक ठरतो. अमेरिकेने उत्पादन व आयात थांबवली, पण जुन्या यंत्रणेत आर-१२ वापरणे बेकायदा ठरवले नाही. १९९२ पासून तो फक्त प्रमाणपत्रधारक कारागिरालाच विकत घेता येतो आणि काढलेला वायू यंत्राने परत गोळा करणे सक्तीचे आहे. युरोपीय संघाने मात्र देखभालीसाठीचा वापरही बंद केला. त्यामुळे एकाच प्रतिमानाच्या दोन मोटारींपैकी टेक्सासमधील मोटार मूळ वायूवर चालू शकते आणि जर्मनीतील मोटारीला ते शक्य नाही. 'मूळ स्थिती' ही वस्तूची गुणवत्ता आहे असे आपण मानतो. येथे ती वस्तूच्या पत्त्यावर ठरते.

करानेही आपले काम केले. अमेरिकेत आर-१२ वर १९९० मध्ये पौंडाला १.३७ डॉलर असा कर बसला. १९९५ मध्ये तो ५.३५ डॉलरपर्यंत गेला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर या वायूची चोरटी आयात फ्लोरिडाच्या बंदरांतून होऊ लागली आणि अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याला त्यासाठी मोहिमा उघडाव्या लागल्या. गॅरेजच्या फळीवरचा स्वस्त डबा काही वर्षांत तस्करीचा माल बनला.

बदली म्हणजे नेमके काय

आर-१२ ची जागा आर-१३४ए या क्लोरिनरहित वायूने घेतली. १९९४ च्या सुमारास अमेरिकेतील जवळजवळ सर्व नव्या मोटारी त्यावर गेल्या. जुन्या मोटारीत मात्र एक वायू काढून दुसरा भरणे एवढ्याने भागत नाही, आणि ज्यांनी तेवढ्यावर भागवले त्यांच्या अनुभवातूनच 'बदललेले एसी गार करत नाही' हा समज रूढ झाला.

पहिली अडचण तेलाची. आर-१२ बरोबर खनिज तेल फिरत असे व परत कॉम्प्रेसरकडे येत असे. आर-१३४ए त्यात मिसळत नाही. तेल कंडेन्सर व कॉइलमध्ये साचते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून पॅग किंवा एस्टर जातीचे तेल घालावे लागते. पूर्वी आर-१२ मधील क्लोरिन धातूच्या घासणाऱ्या पृष्ठांवर संरक्षक थर धरीत असे. तोही आता मिळत नाही. दुसरी अडचण दाबाची. ६० अंश सेल्सिअस तापमानाला आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी अधिक असतो. जुना नळ्या-पंखांचा कंडेन्सर तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही, विशेषतः मोटार उभी असताना. म्हणून समांतर प्रवाहाचा नवा कंडेन्सर किंवा जादा पंखा बसवावा लागतो. ओलावा शोषणारा ड्रायरही नव्या वायूला मानवणारा घ्यावा लागतो. नवा वायू जुन्याच्या वजनाइतका भरणे हीसुद्धा चूकच. साधारणतः ऐंशी ते नव्वद टक्के पुरतो.

तिसरी अडचण बारीक, पण उद्बोधक आहे. साठच्या दशकाच्या मध्यानंतर जनरल मोटर्सने कॉइलमधील दाब ठरावीक पातळीखाली जाऊ न देणारा 'पीओए' नावाचा व्हॉल्व्ह वापरला, जेणेकरून कॉइलवर बर्फ धरू नये. शून्य अंशाला आर-१२ चा दाब चौरस इंचाला सुमारे ३० पौंड असतो, आर-१३४ए चा सुमारे २८. व्हॉल्व्ह जुन्याच मापावर ठेवला तर नव्या वायूने कॉइल एक-दोन अंशांनी उबदार राहते. व्हॉल्व्हचे माप थोडे खाली आणले की हा दोष जातो. म्हणजे यंत्रणेत नवा भाग न घालता, केवळ जुन्या भागाला नव्या वायूची भाषा शिकवून काम होते. हे जाणणारे कारागीर आता थोडे उरले आहेत, आणि जतनाच्या चर्चेत वस्तूंबरोबर हे कसब क्वचितच मोजले जाते.

नळ्यांच्या बाबतीत एक अनपेक्षित निरीक्षण पुढे आले. नव्या वायूचा रेणू लहान असल्याने तो जुन्या रबरातून लगेच झिरपेल अशी भीती होती. परंतु वर्षानुवर्षे खनिज तेल प्यायलेले रबर स्वतःच एक अडसर बनते आणि गळती अपेक्षेपेक्षा कमी राहते, असे अमेरिकी पर्यावरण संस्थेने नोंदवले. नळी बदलायचीच असेल तर आतून नायलॉनचे अस्तर असलेली घ्यावी; बाहेरून ती जुन्यासारखीच दिसते.

याच्या पलीकडचा मार्ग म्हणजे सगळी यंत्रणाच नवी बसवणे. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या 'व्हिंटेज एअर'सारख्या कंपन्या असे संच देतात. त्यांतील सँडेन जातीच्या कॉम्प्रेसरचे वजन ए-६ च्या निम्म्याहूनही कमी असते, आवाज कमी, गारवा अधिक. रोज वापरायच्या मोटारीसाठी हा मार्ग व्यवहार्य आहे. पण बॉनेट उघडताच दिसणारा तो ठसठशीत जुना कॉम्प्रेसर गेला की त्या इंजिनकक्षाचे तोंडवळेच बदलते, हेही तितकेच खरे.

जतन आणि जीर्णोद्धार

आंतरराष्ट्रीय जुनी-मोटार महासंघाने, म्हणजे 'फिव्हा'ने, २०१२ मध्ये ट्यूरिन सनद संमत केली. वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवरून ती स्फुरली आहे. वापरासाठी बदल करावेच लागले तर ते कमीत कमी असावेत, परत फिरवता येण्याजोगे असावेत आणि काढलेले महत्त्वाचे भाग मोटारीबरोबर जपून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि त्यांच्यातील अंतर येथे उपयोगी पडते. जतन म्हणजे आहे ते राखणे. जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेले बदलून वस्तूचा व्यवहार पुन्हा सुरू करणे. देवळाचा जीर्णोद्धार झाला की पूजा सुरू झाली पाहिजे. वातानुकूलन हे व्यवहाराचे यंत्र आहे. गार हवा न देणारी यंत्रणा जतन झालेली असू शकते, पण तिचा जीर्णोद्धार झाला असे म्हणता येत नाही.

सनदेची कसोटी लावली तर वायू बदलणे हा सर्वांत परत फिरवता येणारा बदल ठरतो, कारण भाग तेच राहतात. मात्र सनद वस्तूपुरती बोलते. वस्तूतून निसटून गेलेल्याविषयी ती काही सांगत नाही. हिशेब केला तर चित्र असे दिसते : हवामानावरील परिणामात एक किलो आर-१२ हा सुमारे १०,९०० किलो कार्बन डायॉक्साइडच्या बरोबरीचा मानला जातो, आर-१३४ए चा आकडा १,४३० आहे. १.७ किलो आर-१२ असलेली एक यंत्रणा एकदा रिकामी होणे म्हणजे सुमारे साडेअठरा टन कार्बन डायॉक्साइड. तीच यंत्रणा १.४५ किलो आर-१३४ए वर चालवून एकदा गळली तर सुमारे दोन टन. नऊपट फरक आहे, आणि ओझोनची हानी त्यात धरलेली नाही.

यातून निघणारा निर्णय दोन्ही पक्षांना पूर्णपणे मानवणारा नाही. ज्या यंत्रणेची सीले, नळ्या व जोड नवे करून ती निर्वाताखाली तपासली आहे आणि जी वर्षानुवर्षे वायू धरून ठेवते, तिच्यात आधीच अस्तित्वात असलेला, पुनर्प्राप्त आर-१२ कायदा परवानगी देतो तेथे ठेवणे समर्थनीय आहे. बंद नळ्यांतील वायू ओझोनला इजा करीत नाही. उलट दर उन्हाळ्यात गॅस मागणाऱ्या यंत्रणेत तोच वायू ओतणे, मग ते मूळपणाच्या नावाखाली का असेना, असमर्थनीय आहे. तसेच केवळ वायू बदलला म्हणून गळकी यंत्रणा निर्दोष होत नाही. मूळपणाच्या आग्रही संग्राहकाने साठच्या दशकाचे यंत्र राखावे, पण त्या दशकाची सवय राखू नये.

भारतातील बाजू

भारतात हा प्रश्न उशिरा आणि वेगळ्या रूपात आला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० आणि पुढील पद्मिनी या मोटारींचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे चाळीस अश्वशक्ती. वातानुकूलन मूळ रचनेत नव्हतेच. ज्यांना हवे त्यांनी ते गॅरेजमध्ये बसवून घेतले. मुंबईच्या निळ्या 'कूल कॅब'मध्येही पद्मिनी होत्या. मुंबईच्या वाहतुकीत उभ्या गाडीच्या कंडेन्सरला वारा नाही, इंजिन मंद गतीवर, आणि दमट हवेतील बाष्पाचे पाणी करण्यातच कॉइलची बरीच शक्ती खर्ची पडणार. एवढ्या लहान इंजिनाला तो बोजा जाणवल्यावाचून राहत नसे. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. त्या गॅरेजमधील जोडकामाची नोंद कोणत्याही पुस्तिकेत नाही; ते पाहायचे तर शिल्लक राहिलेल्या गाड्यांतच पाहावे लागेल.

भारत १९९२ मध्ये माँट्रियल करारात सामील झाला, २००० मध्ये ओझोनघातक पदार्थांविषयीचे नियम झाले आणि १ ऑगस्ट २००८ पासून, दम्याच्या फवाऱ्यांचा अपवाद सोडता, या वर्गातील वायूंचे उत्पादन थांबले. शिसेयुक्त पेट्रोल त्याआधी, फेब्रुवारी २००० मध्ये देशभर बंद झाले होते. मिजलीचे दोन्ही शोध येथेही गेले, मात्र एकाच दिवशी नव्हे.

दरम्यान आर-१३४ए चीही पाळी आली आहे. युरोपीय संघाने २०१७ पासून सर्व नव्या मोटारींत तो वर्ज्य केला. त्याची जागा घेणाऱ्या आर-१२३४वायएफ चा उष्णता धरण्याचा परिणाम नगण्य आहे, पण तो सौम्य ज्वालाग्राही आहे. ऑक्टोबर २०१६ च्या किगाली दुरुस्तीने आर-१३४ए च्या वर्गाचे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले आणि भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. नव्वदच्या दशकात 'आधुनिक' म्हणून ज्यांनी वायू बदलला, त्यांच्या मोटारी पुन्हा एकदा जुन्या वायूच्या ठरू लागल्या आहेत. रचनेतील मूळ दोषावर उपाय निघाला तो वेगळ्याच दिशेने : २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये कॉम्प्रेसर विजेवर, बंद कवचात चालू लागला. फिरता दांडा बाहेर येणे थांबले. १९२७ चे शीतकपाट मोटारीत पोहोचायला सुमारे पाऊण शतक लागले. बारा व्होल्टच्या जुन्या मोटारीसाठीही आता असे कॉम्प्रेसर मिळू लागले आहेत, परंतु त्यांच्यासाठी मोठा अल्टरनेटर बसवावा लागतो.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याच्या चासी, सांगाडा व इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे; वातानुकूलनाचा त्यात उल्लेख नाही, त्यामुळे वायू किंवा कॉम्प्रेसर बदलल्याने नोंदणीला बाध येण्याचे कारण दिसत नाही. नोंदणी शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. सत्तरच्या दशकाच्या मध्यातील पद्मिनी आता या वयात येऊ लागल्या आहेत. मात्र याच नियमांनुसार असे वाहन रोजच्या वाहतुकीत आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, शर्यतीवजा फेरी, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ते रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे कायद्याने जपलेली मोटार बहुतांश काळ उभीच राहणार आणि कॉम्प्रेसरच्या दांड्यावरील तेलाचा थर आटणार. देखभालीसाठी दिलेल्या मुभेत दर महिन्याला दहा मिनिटे इंजिन चालू करून, थंडीच्या दिवसांतही, वातानुकूलन फिरवून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.